उखळी तोफ मिनीव्हॅनमधून न्यावी का? (सल्ला हवाय)

रिचमंडचा_रहिवासी

नमस्कार मंडळी. विषयात दारू आहे, पण ती पिण्याची नाही, हे आधीच सांगतो.

मी व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहतो. शेजारचे आजोबा ७४ वर्षांचे, निवृत्त मशिनिस्ट. गेली चार वर्षं दर हिवाळ्यात गॅरेजचं दार अर्धं ओढून काहीतरी खुडबुड करायचे. मला वाटायचं नाव बांधतायत. निघाली तोफ! अमेरिकन यादवी युद्धातल्या २४ पौंडी (हे माप गोळ्याचं, तोफेच्या वजनाचं नव्हे) कोहॉर्न मॉर्टरची प्रतिकृती. म्हणजे आपली उखळी तोफ: आखूड, जाड, आभाळाकडे तोंड करून बसलेली. नळी फाउंड्रीतून कांशाची ओतून घेतली आणि आत पोलादी नळी बसवली. बैठक पांढऱ्या ओकची, ती त्यांनी स्वतः केली.

मूळ तोफेची नुसती नळी १६४ पौंडांची, बैठकीसकट २९६, म्हणजे साधारण १३४ किलो. आजोबांची दोन-चार पौंड इकडेतिकडे असेल.

आता घोळ असा की ऑक्टोबरात विंचेस्टरजवळ फोर्ट शेननडोआला त्यांच्या संघटनेचे सामने आहेत. शंभर यार्डांवर एक खुंटी रोवतात, तिच्या जवळात जवळ भरीव लोखंडी गोळा टाकायचा. आजोबांची पाठ गेलीय, त्यांचा पिकअपही गेला. माझ्याकडे मिनीव्हॅन आहे. अडीच तासांचा रस्ता. सीट काढून तोफ मागे टाकली तर चालेल का? कोणी एवढं जड, एवढं बुटकं सामान कधी नेलंय का?

पॉपकॉर्नवाला

शंभर यार्डांवर खुंटी आणि जवळ पडेल तो जिंकला? म्हणजे गोट्याच की हो! फक्त गोटी जरा मोठी.

मीनल_नाशिक

सगळं वाचलं. बायको काय म्हणाली ते लिहिलं नाहीत.

शिरोलीचा_ओतारी

भावा, नादखुळा विषय काढलास. कोल्हापुरात आमची फाउंड्री हाय, जड माल रोज हलवतोय, म्हणून बोलतो.

वजन हा तुझा प्रश्नच न्हवं. तुझ्या गाडीत सात माणसं बसतात, त्यांचं वजन तोफेपेक्षा जास्त भरतं. प्रश्न हाय ब्रेकचा. माणसाला पट्टा असतो. १३४ किलोचं कांसं नुसतं सतरंजीवर ठेवलंस आणि पुढं हरीण आडवं आलं, की तोफ न उडवताच गोळा सुटला म्हण. आणि तो तुझ्या पाठीत.

सीटचे बोल्ट जिथं जमिनीला बसतात तिथं कडी लावून चारी कोपऱ्यांनी बांध. नळी आणि बैठक वेगळी करून ने. नळी आडवी निजवायची, दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके मारायचे. गोल वस्तू कधी उभी न्यायची नाही, आणि "थोडंच अंतर आहे" असं म्हणून मोकळी तर कधीच नाही. आमच्या एका टेम्पोवाल्यानं असाच एक फ्लायव्हील मोकळा टाकला होता. वळणावर फळी तोडून उसात गेला. दोन सरी साफ!

गडकोट_भटक्या

वा! 'मॉर्टर' म्हणजे खलबत्त्यातला खल. आपल्याकडे 'उखळी' म्हणजे उखळासारखी. दोन्हीकडच्या लोकांना ती वस्तू बघून स्वयंपाकघरच आठवलं, ही गंमत आहे.

कोहॉर्न हे नाव मेनो व्हान कोहॉर्न या डच किल्लेबांधणी तज्ज्ञाचं. १६७४ च्या ग्राव्हच्या वेढ्यात त्याने या हलक्या उखळ्या आणल्या. 'हलक्या' म्हणजे तेव्हाच्या मानाने. माणसांनी उचलून खंदकातून पुढे न्यायच्या हीच कल्पना होती, म्हणून बैठकीला मुठी असतात.

चौकस_चिंटू

बाळबोध प्रश्न. चाकं लावा ना सरळ! सगळ्या तोफांना असतात.

देवळालीचे_अण्णा

प्रश्न बाळबोध नाही, मूळ मुद्द्याचा आहे. मी तोफखान्यातून निवृत्त झालोय, सांगतो.

साधी तोफ जवळजवळ आडवी असते. बार झाला की ती मागे सरकते, म्हणून तिला गाडा आणि चाकं. उखळी तोंड वर करून बसते, तिचा धक्का बराचसा खाली जमिनीत जातो. चाकांवर ठेवून बार काढाल तर आस वाकेल नाहीतर मोडेल. म्हणून सपाट, जाड बैठक. उडवायला जे सोयीचं तेच न्यायला गैरसोयीचं, हे या जातीच्या तोफेचं जन्मजात दुखणं आहे. आमची ८१ मिलिमीटरची मॉर्टरसुद्धा तीन तुकड्यांत नेतात: नळी, दुपायी आणि खालची थाळी. एकेक तुकडा एकेकाच्या पाठीवर. चढावर थाळी ज्याच्या वाट्याला येते त्याला विचारा.

कोहॉर्नचा कोन ४५ अंशांवर पक्का असतो. गोळा लांब किंवा जवळ टाकायचा तर दारू कमीजास्त करतात. आणि नेम धरतात ओळंब्याने! गवंड्याचा ओळंबा, तोच. नळीच्या मागे धरायचा, दोरी आणि खुंटी एका रेषेत आणायची. शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्या पेटीत नक्की असेल.

रिचमंडचा_रहिवासी

अण्णा, आत्ता जाऊन पाहिलं. आहे! पितळी ओळंबा, जुन्या सॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेला. मला वाटलं होतं घरदुरुस्तीचा.

मीनलताई, बायकोचा विषय नंतर.

पुणेरी_पाटी

आपल्याकडे असला छंद केला तर थेट येरवडा. शस्त्र कायदा, स्फोटक कायदा, सोसायटीचा सेक्रेटरी. यातला शेवटचा सर्वांत कडक.

तिकडे हे चालतं कसं काय?

रिचमंडचा_रहिवासी

तोंडाने ठासून भरायच्या जुन्या बनावटीच्या तोफा आणि त्यांच्या प्रतिकृती इथल्या केंद्रीय कायद्यात 'पुरातन' वर्गात येतात. खेळासाठी किंवा सांस्कृतिक कामासाठी कारखान्यात बनलेली काळी दारू ५० पौंडांपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. राज्यांचे नियम वेगळे, तिथे नीट पाहावं लागतं. गोळा मात्र भरीवच हवा. फुटणारा गोळा केलात की कायद्याच्या लेखी ते वेगळंच प्रकरण, मग आजोबाही वाचवणार नाहीत.

बर्मिंगहॅमची_वैशाली

आमच्याकडे इंग्लंडात याहून कडक. नळीची सरकारमान्य चाचणी झाल्याशिवाय ती विकता येत नाही. आमच्या गावातलं चाचणीघर १८१३ पासून हेच काम करतंय: जास्तीचा बार भरून बघतात, टिकली तर ठसा मारतात. काळी दारू घ्यायला पोलिसांचा वेगळा कागद लागतो.

पण खरं सांगायचंय ते नेण्याबद्दल. पोर्ट्समथजवळ फोर्ट नेल्सनला मॅलेटची मॉर्टर आहे. तोंडाचा व्यास ३६ इंच! आमचा मुलगा तिच्यापुढे उभा राहिला तर फोटोत तोफेला चिकटलेली माशी दिसतो. क्रिमियाच्या युद्धासाठी रॉबर्ट मॅलेटने आखली. एवढं धूड जाणार कसं, म्हणून ती मुळातच सुट्या भागांची केली: कड्या, पट्ट्या, बोल्ट, नेऊन जागेवर जोडायची. एकूण ४२ टन. १८५७ मध्ये तयार होईपर्यंत युद्ध संपलं होतं. मग दलदलीत नेऊन चाचणी घेतली. १९ बार काढले, दर थोड्या बारांनी काहीतरी मोडायचं. लढाईत एकदाही नाही. सुटी करून नेता यावी म्हणून जे सांधे ठेवले, तेच बाराला तग धरेनात.

म्हणून ओतारीदादांच्या सल्ल्यात एक भर: नळी आणि बैठक वेगळी केलीत तर तिथे पुन्हा जोडताना घाई करू नका.

पॉपकॉर्नवाला

उखळात डोकं घातलंच आहे तर मुसळाला काय भ्यायचं!

मीनल_नाशिक

हे वाक्य त्यांच्या बायकोने म्हणायचं आहे.

गडकोट_भटक्या

रिचमंडकर, तुमच्या उंबऱ्यावर पीटर्सबर्ग आहे, आणि तुम्ही मिनीव्हॅनचं विचारताय! यादवी युद्धातल्या १८६४ च्या वेढ्यात तिथे 'डिक्टेटर' नावाची १३ इंची मॉर्टर होती. नुसती नळी १७,१२० पौंड. ती त्यांनी चक्क रेल्वेच्या सपाट डब्यावर चढवली. पहिला डबा काही बारांतच मोडला, मग मजबूत केलेला आणला. वळणाच्या रुळावर डबा पुढेमागे ढकलला की नेम बदलायचा. बार झाला की तोफ डब्यावर दोनेक फूट सरकायची आणि डबा रुळांवरून दहा-बारा फूट मागे जायचा.

आपल्याकडचं ऐकायचं तर मलिक-ए-मैदान. ती उखळी नव्हे, पण अंगाने तशीच आखूड आणि जाड, ५५ टनांच्या आसपास. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. पुढे परांड्याला होती, १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने विजापूरला नेली. शेकडो बैल, हत्ती आणि माणसं जुंपली होती असं सांगतात. बरोबरची 'कडक बिजली' नदीत बुडाली अशी कथा आहे. ती नदी कोणती यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत.

कोकणी_खवय्या

उखळी म्हटलं की मला विजयदुर्गच दिसतो. १७५६, फेब्रुवारी. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमारात खास उखळ्या बसवलेली जहाजं होती. तटावरून उडवून आत गोळे टाकायचे. तुळाजी आंग्र्यांची गलबतं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना लागून उभी. एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज मुळात इंग्रजांकडूनच धरलेलं! ते पेटलं, त्याच्यावरून शेजारचं, आणि बघता बघता अख्खं आरमार गेलं. आजोळ तिथलं आहे, लहानपणी खाडीकडे बोट दाखवून आजी सांगायची. आणि जमिनीवरून वेढा घालून कोण बसलं होतं? पेशव्यांची फौज!

पुणेरी_पाटी

आता सुरू होणार. नानासाहेबांची बाजूही...

कोकणी_खवय्या

कुठली बाजू? आरमार जाळून...

देवळालीचे_अण्णा

दोघांनी वेगळा धागा काढा. इथे एका माणसाला तोफ न्यायची आहे.

सह्याद्रीचा_सखाराम

१८१८ चा रायगडही उखळ्यांनीच पाडला. इंग्रज कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून मारा केला, वाडे पेटले, १० मेला गड गेला. मी पोटल्याला चढलोय. पाठीवर दोन लिटर पाणी होतं, तरी अर्ध्यात बसलो. तिथे उखळी आणि गोळे कोणी चढवले असतील? बखरीत गोलंदाजाचं नाव कधीमधी येतं, ओझं वाहणाऱ्याचं येत नाही.

तात्या_सातारकर

आमच्या गावच्या जत्रेत उखळाचे बार असायचे. लोखंडी उखळी जमिनीत रोवायची, दारू ठासायची, वर विटांचा चुरा. पालखी उठली की धडाड! म्हशी दावं तोडायच्या. आमचे एक चुलते हे काम करायचे. एका वर्षी एक बार उडाला नाही म्हणून लगेच वाकून पाहायला गेले. उजव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांनी पुढे तीस वर्षं तंबाखू मळली, पण उखळीपाशी कुणाला वाकू दिलं नाही.

छंद करा, हौस करा. न उडालेल्या बाराजवळ जाऊ नका, एवढंच.

रिचमंडचा_रहिवासी

तात्या, हे आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्यांच्या वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: बार नाही झाला तर थांब. प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवून आतली ठिणगी मारल्याशिवाय नवी दारू पुढे आणायची नाही. दारूचा डबा आणि बत्तीचं सामान एका पेटीत ठेवायचं नाही. आणि नळीसमोर कोणी उभं राहायचं नाही, फोटोसाठीही नाही.

चौकस_चिंटू

युट्यूबवर जुन्या गॅसच्या सिलिंडरची तोफ करून बोलिंगचे गोळे उडवताना पाहिलं. ती स्वस्त पडेल का?

शिरोलीचा_ओतारी

चिंटू, स्वस्त पडेल, आणि दवाखान्यात महाग पडेल.

सिलिंडर कशासाठी बनवलाय? हळू भरणाऱ्या दाबासाठी. बार म्हणजे हातोड्याचा घाव. त्यात जोडाची वेल्डिंग कुठं कच्ची हाय ते वरून दिसत न्हाई. कांसंसुद्धा बघून घ्यावं लागतं. तोफेचं कांसं म्हणजे तांबं नव्वदच्या आसपास, कथील दहा. घंटेत कथील वीस-बावीसपर्यंत जातं, म्हणून घंटा खणखणते, पण ठोकलीस तर तडकते. तोफ वाजायला नको, टिकायला पायजे. म्हणून त्या म्हाताऱ्यानं आत पोलादी नळी घातली, शहाणा माणूस हाय. माझा नमस्कार सांग त्याला.

पुणेरी_पाटी

म्हणून चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेल्या घंटा देवळात टांगल्या, त्यांच्या तोफा ओतल्या नाहीत.

कोकणी_खवय्या

पुन्हा पेशवे.

मीनल_नाशिक

ऑक्टोबर उजाडला. तोफ गेली का? आणि बायको?

रिचमंडचा_रहिवासी

गेली आणि आली. सविस्तर लिहितो.

मिनीव्हॅनचा बेत रद्द केला. ओतारीदादांचं ऐकून आजोबांनीच डोकं हलवलं. शेवटी दोन चाकांचा छोटा ट्रेलर भाड्याने घेतला. चढवायला गॅरेजमधलीच इंजिन उचलायची चेनपुली. नळी आडवी, दोन्ही बाजूंनी गुटके, चार पट्टे. पहिल्यांदा मी तोफ ट्रेलरच्या पार मागे ठेवली होती, उतरवायला सोपी म्हणून. आजोबांनी ट्रेलरचा दांडा एका हाताने उचलून दाखवला. उचलला गेला! म्हणजे पुढे वजनच नाही. अशाने महामार्गावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. पुन्हा सगळं सोडलं आणि आसाच्या जरा पुढे सरकवलं. या एका सरकवण्यात पाऊण तास गेला. पहार, दोन ओंडके आणि माझी कंबर.

रस्ता छान गेला. पेट्रोल पंपावर एका बाईने विचारलं, "हा कसला बार्बेक्यू?"

खरी परीक्षा मैदानावर. गाडी जिथे थांबवायची तिथून तोफांची रांग दोन-तीनशे पावलं, आणि रात्री पाऊस पडून गेलेला. ट्रेलर तिथपर्यंत नेला असता तर रुतला असता. शेवटी तिला उचललंच. आधी नळी, चार माणसं. पुढे मी आणि एक दंतवैद्य, मागे बाप-लेक. चौघांची पावलं जुळेनात. मी सवयीने "हेऽ गणपती बाप्पा" म्हणालो. दुसऱ्या खेपेला, म्हणजे बैठकीच्या वेळी, दंतवैद्य स्वतःहून "मोऱ्या" म्हणाला.

सखाराम, पोटल्याचा डोंगर मला तिथे आठवला. दोनशे पावलं, सपाट जमीन, सकाळची थंडी, आणि तरी तळहाताला फोड.

जोडणी, ओळंबा, सगळं आजोबांनी खुर्चीत बसून करून घेतलं. बार निघाला तेव्हा आवाज वाटला होता त्यापेक्षा खोल, छातीत बसणारा. पांढरा धूर, आणि त्यातून गोळा वर जाताना चक्क दिसतो! कैरी भिरकावल्यासारखा वर जातो, क्षणभर थबकतो आणि उतरतो. पहिला गोळा खुंटीपासून बावीस फुटांवर पडला. शेवटचा सात. नंबर खालून दुसरा. आजोबा खूश. परतताना म्हणाले, आठ इंची सीज मॉर्टर करू या.

तिची नुसती नळी हजार पौंडांची असते. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

देवळालीचे_अण्णा

पहिल्या खेपेला सात फूट उत्तम आहे. ओळंबा वाऱ्यात हलत असेल तर खालचं टोक पाण्याच्या डब्यात सोडा, स्थिर राहतो.

शिरोलीचा_ओतारी

हजार पौंड म्हणजे साडेचारशे किलो. आता चेनपुलीची तिपाई पायजे आणि चार चाकी ट्रेलर. फोटो टाक, मग बोलू.

पॉपकॉर्नवाला

त्या दंतवैद्याला पुढच्या गणपतीला बोलवा.

रिचमंडची_रहिवासीण

नमस्कार. मीच ती बायको. या धाग्यासाठी आज खातं उघडलं.

मीनलताई, मी काय म्हणाले ते ते लिहिणार नाहीत, आणि इथे लिहिण्यासारखं नाहीही. माझा प्रश्न वेगळा आहे. तोफ ट्रेलरमधून आली हे खरं. पण तो बोळा, बादली आणि चिंध्या माझ्या गाडीत मागच्या सीटखाली चार दिवस होत्या. गाडीला सडक्या अंड्यांचा वास येतोय. लेकीला शाळेत सोडायला जाते तर पोरं नाक धरतात. हा वास कसा जातो?

देवळालीचे_अण्णा

सूनबाई, तो जळालेल्या दारूतल्या गंधकाचा. काजळी ओली राहिली की हा वास सुटतो. चिंध्या टाकून द्या. बोळा आणि बादली साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, आणि ती त्यांनी धुवायची, तुम्ही नाही. गालिचाही तसाच पुसून घ्या, दारं उघडी टाकून उन्हात वाळवा, मग खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा.

मीनल_नाशिक

आणि आठ इंचीचं?

रिचमंडची_रहिवासीण

कुठली आठ इंची?